नावेतली नवरी

नावाडी तानूमामांच्या आजोबांनी घडवलेली लाकडी नाव अजून तलावापलीकडच्या वाडीला धान्य, शेळ्या, आजारी माणसं, सगळं पोचवते. परवा मी बसलो तेव्हा नावेत एक नवी नवरी माहेरच्या काठाकडे बघत हुंदके देत होती. नवरा शेजारी गोंधळून बसला होता. महिनाभर डागडुजीसाठी काठावर राहून नाव सुकली होती. फटींतून पाणी झिरपू लागलं.

"बुडणार का आपण?" नवरीनं घाबरून विचारलं.

"छे गं पोरी! दोन दिवस पाण्यात राहिली की लाकूड फुगतं, फटी बुजतात. तोवर उपसायचं," म्हणत मामांनी तिच्या हाती डबा दिला.

तिनं पदर खोचला आणि उभी राहून पाणी उपसू लागली. नव्या पाण्यात रुळायला सगळ्यांनाच थोडे दिवस लागतात, असं माझ्या मनात येतंय, तोच तिचा भरलेला डबा चुकून नवऱ्यावर रिकामा झाला. ती इतकी हसली, की मामा ओरडले, "अगं, बसून हस, नाव कलंडेल!"