चारकोपच्या गाळ्यातली फारसी

गालिचे धुणं आणि रफू करणं हा माझा धंदा. चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये माझा गाळा आहे. दोन वर्षांपूर्वी तिथे एक इंग्रज बाई आल्या, अंधेरीहून रिक्षा करून, काखेत गुंडाळलेला गालिचा घेऊन. कुत्र्यानं त्याचा कोपरा खाल्ला होता. मी दर सांगितला. बाईंनी हातातल्या वहीत बघितलं आणि म्हणाल्या, "कृपया, आप थोड़ा कम कीजिए."

दर पाडायला कृपया म्हणणारं गिऱ्हाईक मी पहिल्यांदाच पाहत होतो. "मॅडम, ऐसा बोलोगे तो मैं उल्टा बढ़ाऊंगा," मी म्हटलं. "बोलने का, 'क्या भाऊ, लूटते क्या?' और जाने के लिए मुड़ने का." त्यांनी ते लिहून घेतलं, वाचून म्हटलं आणि खरंच वळून चालू लागल्या. लिफ्टपर्यंत गेल्या. शेवटी मलाच हाक मारावी लागली.

मग त्या दर शनिवारी येऊ लागल्या. नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आलेल्या, राहायचं तर हिंदी हवी म्हणून हिंदी. आणि तिच्या जोडीला फारसी. ती का, तर त्यांना लहानपणापासून त्या लिपीचं वेड होतं, आणि आता वेळ होता. दोन भाषा एकदम सुरू करू नका असं सगळ्यांनी सांगितलेलं. बाई ऐकतात कुठे! वहीच्या प्रत्येक पानावर तीन रकाने: इंग्रजी, हिंदी, फारसी. फारसी शिकवायला कुणी मास्तरीण कम्प्युटरवर यायची. हिंदी मात्र रिक्षावाल्यांकडून, घरकामाच्या बाईंकडून आणि माझ्याकडून.

फारसी हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरायचं. त्याला कारण होतं.

माझा बाप गिरणीत होता. गिरणी बंद पडल्यावर मी एका गालिचेवाल्याच्या गोदामात झाडू मारण्यापासून सुरुवात केली. रफू बघून बघून शिकलो. स्वतःचा गाळा घेतला तेव्हा पहिलं मोठं काम दिलं ते जोगेश्वरीतल्या एका इराणी व्यापाऱ्यानं. सगळे त्याला आगा म्हणत. त्याच्या कामावर माझा गाळा उभा राहिला. मला तो 'उस्ताद' म्हणायचा, आणि त्या शब्दानं माझी छाती फुगायची हे कबूल करतो. एक दिवस त्याच्या घरी भिंतीवर एक लहानसा गालिचा पाहिला. निळी जमीन, मधे एकच झाड. मी म्हटलं, "आगा, क्या चीज है!" तो म्हणाला, "पेशकश. आपका है." मी उठलो, गालिचा काढला, गुंडाळला, घेऊन आलो. फुकट मिळतंय तर कोण सोडतो?

त्यानंतर आगाकडून काम येणं बंद झालं. फोन केला की त्याचा माणूस सांगायचा, आगा झोपलेत. स्वतःच्या हातानं वस्तू द्यायची आणि मग पोटावर पाय द्यायचा, ही कसली श्रीमंती? सहा वर्षं मी हे येईल त्या माणसाला ऐकवत होतो.

तरीही बाईंची वही बघायला मी शनिवारची वाट बघायचो. त्यांना त आणि ट वेगळे ऐकूच यायचे नाहीत. 'दाल' म्हणता म्हणता 'डाल' व्हायची. मी सांगितलं, आधी बोलूच नका, नुसतं ऐका, बाजारात उभ्या राहा. हिंदीत दाढी बाई कशी आणि दूध बुवा कसा, यावरून त्या इतक्या वैतागायच्या की फारसीत असलं काही नाही हे सांगताना त्यांचा चेहरा सुटल्यासारखा व्हायचा. मी विचारलं, "कुछ भी नहीं? फिर 'वो आया' और 'वो आई'?" दोन्हीला एकच वाक्य, म्हणाल्या. मी दिवसभर त्याच विचारात होतो.

एकदा त्यांनी दाखवलं, आई म्हणजे मादर, भाऊ म्हणजे बरादर, मुलगी म्हणजे दोख्तर. इंग्रजीशेजारी ठेवून वाचा, म्हणाल्या. मी वाचलं, मदर, ब्रदर, डॉटर, आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग मी स्वतःची वही आणली, बाईंचे रकाने उतरवून घेतले आणि माझा सुरू केला, चौथा, मराठीचा. रस्ता, बाजार, नमुना, हुशार, तयार. फारसी रकान्यातले किती शब्द मी रोज बोलत होतो! ज्या भाषेवर मी सहा वर्षं दात धरून होतो ती माझ्या तोंडात आधीपासून होती, हे काही मला आवडलं नाही. पण पुढचा शब्द कुठला हे विचारल्याशिवाय राहवायचंही नाही.

घरी बायकोनं वही पाहिली. "ह्या वयात शाळेत जातास? पाटी-पेन्सिल हाडू काय?"

"फारसी आहे ती," मी म्हटलं.

"असां दे. भांडणार आता फारशीत."

मग एका शनिवारी बाईंची नजर टेबलामागच्या निळ्या गालिच्यावर गेली. मी आगाची सगळी गोष्ट सांगितली, नेहमीसारखी, हात उडवत. त्या हसल्या नाहीत. वहीची पानं उलटली आणि मागच्याच आठवड्याचा धडा काढला. तिकडची रीत अशी, की पाहुण्यानं कशाची स्तुती केली तर यजमान म्हणतो, तुमचाच आहे. पाहुण्यानं नको म्हणायचं. यजमान पुन्हा म्हणतो. पुन्हा नको. तिसऱ्यांदाही नको. मग दोघांची अब्रू राहते. दुकानदारसुद्धा आधी पैसे नको म्हणतो, आणि गिऱ्हाईक देतंच.

"और जो पहली बार में ले ले?" मी विचारलं.

बाईंनी उत्तर शोधायला वहीत पाहिलं. वहीत ते नव्हतं.

"मॅडम, ये सब किताब की बातें हैं!" मी ओरडलो. "देने का नहीं तो बोलने का नहीं! इधर ऐसा नहीं चलता!" शेजारच्या गाळ्यातला माणूस डोकावून गेला. बाईंनी शांतपणे वही बंद केली. "क्या भाऊ, लूटते क्या?" त्या म्हणाल्या आणि लिफ्टकडे गेल्या.

या वेळी मी हाक मारली नाही.

आठवडाभर गालिचा माझ्याकडे टक लावून बघत होता, असं मला वाटायचं. सहा वर्षं मी ज्याला कोतेपणा म्हणत फिरलो, त्याच्या जागी आगाच्या भिंतीवरचा एक रिकामा खिळा दिसायला लागला. ज्या माणसानं मला उस्ताद म्हटलं, तो मला काय समजत असेल? पुढच्या शनिवारी बाई आल्या तेव्हा मी आधी चहा मागवला आणि मग विचारलं, "वापस देने का तो क्या बोलने का?" त्यांनी दोन वाक्यं लिहून दिली. बेबख्शीद, म्हणजे माफ करा. ईन माले शोमास्त, म्हणजे हा तुमचा आहे. यातला माल मला ओळखीचा होता. दहा-बारा वेळा घोकून घेतलं. म्हणताना माझे हात आपोआप जोडले जायचे, ते त्या जोडू देईनात. "पहले बोलो, फिर हाथ," म्हणाल्या.

जोगेश्वरीला आगानं स्वतः दार उघडलं. खूप थकला होता. मी गालिचा पुढे केला आणि दोन्ही वाक्यं एका दमात म्हटली.

तो म्हणाला, "नहीं, नहीं. आपका है."

"नहीं," मी म्हटलं.

"उस्ताद, आपका है."

"बिलकुल नहीं."

"मैं कहता हूं, रखिए."

आता तीनदा झालं होतं आणि पुढे काय हे बाईंनी सांगितलं नव्हतं. माझा पारा चढला. "पकड़ो ना, आगा! सुबह से रट के आया हूं!"

त्यानं गालिचा घेतला. छातीशी धरला, मग बसला. त्याच्या आईनं विणलेला होता, हे मला तेव्हा कळलं. "मैंने दूसरे दिन राह देखी," तो म्हणाला. "सोचा, वापस लाएंगे. एक महीना देखी."

"तो एक फोन करने का ना!"

"कैसे करता? मैंने ही दिया था."

भांडण्यासारखं सगळं होतं, पण भांडणार कुणाशी? मी उगाच विचारलं, "तुम लोगों को खुद समझता है क्या, कौन सच में दे रहा है?"

आगानं जरा विचार केला. "नहीं," तो म्हणाला. "मेरी घड़ी बीस साल से मेरे साले के पास है."

मी हसलो. तोही हसला, खोकला येईपर्यंत. मग माझं शोमास्त चुकलं होतं ते त्यानं सुधारून दिलं, आणि शिकवलं कुणी म्हणून विचारलं. इंग्रज बाईनं, चारकोपला, असं सांगितल्यावर त्यानं मला दोनदा पुन्हा सांगायला लावलं.

काम परत आलं नाही. त्यानं धंदा जवळजवळ आवरलाय, डोळे साथ देत नाहीत. पण गुरुवारी संध्याकाळी मी त्याच्याकडे जातो, कधी बाईही येतात, आणि तो आम्हा दोघांना अक्षरं गिरवायला लावतो. तो अजूनही हातात येईल ती वस्तू पुढे करतो. त्याच्या घरात मी कशाचंही कौतुक करत नाही. चहाचंसुद्धा जपूनच करतो.