येतो म्हणून गेलेले फोन

मंगळवारी मच्छे औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीत आमच्या अॅपची ट्रायल होती. सकाळपासून सगळं नीट चाललं होतं… जेवायच्या सुट्टीपर्यंत.

आमची कंपनी बेंगळुरूची. इकडे पिरनवाडीत एक खोली, त्यात आम्ही दोघंच. मोबाइलचा प्रोग्राम मी लिहिते, डेस्कटॉपचा शांतूअण्णा. ट्रायल पास झाली तर खोली राहणार, नाहीतर दोघांनी सामान बांधून बेंगळुरूला जायचं, असं कळवलं होतं.

मला माझं हिंडलगा गाव सोडायचं नव्हतं. अण्णाची आई निपाणीत एकटी असते, त्यामुळे त्याला तर नव्हतंच नव्हतं.

आधी मी कॉलेजात मराठी शिकवत होते, तेही तात्पुरत्या जागेवर; मग प्रोग्रामिंग शिकले. आता नेटवर्किंग लायब्ररीवर काम करते, असं एकदा गल्लीत सांगून बसले. तेव्हापासून शेजारच्या काकू विचारतात, "नवी पुस्तकं आली काय गं?" मी आली म्हणते.

ही लायब्ररी म्हणजे आधीच लिहून ठेवलेला कोड. फोन आणि कॉम्प्युटर यांच्यातलं बोलणं ती सांभाळते, आणि तिचा गुण असा की ती कुणासाठी खोळंबत नाही. एका फोनच्या उत्तराची वाट बघत बसायचं नाही… निरोप आला की मला हाक मार, असं तिला सांगायचं आणि दुसऱ्या फोनकडे वळायचं. म्हणून केबिनमधला एक कॉम्प्युटर सगळ्यांच्या फोनवर भट्टीचं तापमान एकाच वेळी दाखवू शकतो, जागा मात्र ठरावीक फोनांपुरतीच.

फोन आणि कॉम्प्युटर एकमेकांना काय निरोप देतील ते आम्हीच ठरवतो. लोक इंग्रजी शब्द वापरतात. आम्ही हौसेनं आपले ठेवले. फोन जोडला गेला की "आलो". अॅप बंद करताना "येतो".

सुट्टीची घंटा झाली. माणसं अॅप बंद करून डबे घेऊन बाहेर गेली. त्याच वेळी मॅनेजरसाहेब केबिनमध्ये आले, त्यांनी आपला फोन जोडून बघितला… "जागा नाही."

पुन्हा बघितलं. जागा नाही.

"शेडात चिटपाखरू न्हाय," ते म्हणाले, "आन तुमच्या कॉम्प्युटरात हाऊसफुल?"

जेवून येतो तोवर बघा, म्हणून ते गेले. सुपरवायझर आप्पा दारात उभे होते. तेही "येतो वो आक्का" म्हणाले आणि साहेबांच्या मागोमाग निघाले.

अण्णा स्क्रीनवर आलेले निरोप वाचत होता. "येतो… येतो… येतो… सगळी येतो म्हणाल्यात. सकाळधरनं जागा राखून ठेवलोय, आन एक बी यीना."

"जागा राखून ठेवलीय?"

"मग? येतो म्हणणाऱ्याची जागा दुसऱ्याला कशी द्यायची?"

मी आप्पांच्या पाठीकडे बघत होते. ते गेटबाहेर पडले होते.

"अण्णा, ते येतो म्हणून गेलेत."

त्याने निरोपांची यादी वरपासून पुन्हा वाचली. मग टेबलावर डोकं टेकून हसायला लागला. एकेक माणूस सकाळपासून अॅप उघडत, बंद करत होता, आणि कॉम्प्युटर दर वेळी त्याच्यासाठी नवी खुर्ची धरून ठेवत होता.

"जातो म्हणून लिवायचं न्हवं मग?"

"तुम्ही घरातनं निघताना जातो म्हणता?"

"आई मारंल." जरा थांबून म्हणाला, "आमच्या कन्नडात बी बर्तीनी, म्हंजे येतोच म्हणत्यात. हितं जातो म्हणणारं माणूसच न्हाय."

दुरुस्ती एका शब्दाची होती. "येतो" खोडायचं, "जातो" लिहायचं. मी कर्सर नेऊन ठेवला… आणि हात पुढे जाईना. शेजारी भट्टी पेटलेली, ट्रायलचा दिवस, अण्णाची आई डोळ्यांसमोर. अण्णानेही मान हलवली. "नगं आक्का. शब्द ऱ्हाऊ दे. त्याचा अर्थ बदलू."

मग आम्ही बोलून अर्थ ठरवला. येतो म्हणणाऱ्याची, किंवा न सांगता तुटलेल्याची, जागा लगेच मोकळी करायची, पण नाव ठेवायचं. तो परत आला की नव्यानं चौकशी न करता त्याच्या नावानं आत घ्यायचं.

"नाव ठेवायचं," अण्णा टाइप करता करता म्हणाला, "नावं ठेवायची न्हाईत."

सुट्टी संपली. माणसं आली, फोन एकेक करून जोडले गेले, आणि स्क्रीनवर ज्याच्या त्याच्या नावापुढे "आलो" उमटत गेलं. शेडच्या मागच्या बाजूला नेटवर्क तुटतं. तिकडे गेलेला माणूस परत आला की सकाळी त्याला पुन्हा सगळी माहिती भरावी लागायची. आता तो नुसता आला, आणि तापमान समोर.

मॅनेजरसाहेब दोनदा बाहेर गेले, दोनदा आत आले. दोन्ही वेळा फोनकडे बघून मान डोलावली. मग म्हणाले, "चालू द्या हे." संध्याकाळी बेंगळुरूहून फोन आला. खोली राहणार.

बसस्टॉपवर अण्णाने निपाणीला फोन लावला. आईला अॅप, निरोप वगैरे काही सांगितलं नाही. एवढंच म्हणाला, "आये, मी हितंच ऱ्हातोय गं." पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही, पण तो बराच वेळ नुसता व्हय, व्हय म्हणत होता.

वर्गात मी क्रियापदं पुष्कळ शिकवली… "राहतो" हे इतकं गोड आहे, हे मात्र मंगळवारी कळलं.