कोटावरच्या फुलाची बंदी

समीरला हे माहीत नाही. आमच्या लग्नाला बावीस वर्षं झाली, माझ्या पगारापासून घोरण्यापर्यंत सगळं त्याला ठाऊक आहे, हे नाही. आईला नाही, बहिणीला नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही, आणि अनोळखी माणसासमोर लाज जरा कमी वाटेल अशी माझी समजूत आहे. बघू या.

गोष्ट आबांची आहे. आबा म्हणजे माझे सासरे — नाही, थांबा. गोष्ट माझी आहे. आबा त्यात फक्त सोसणारे. बघा, पहिल्याच वाक्यात मी त्यांच्यामागे लपायला निघाले.

दोन हजार सहा साल होतं. आम्ही हॅम्बर्गला राहत होतो. मी विमानांच्या केबिनचे सुटे भाग डिझाइन करणाऱ्या एका लहानशा फर्ममध्ये होते, आणि समीर कामासाठी आठवड्यातले चार दिवस फ्रान्समध्ये. रेवा पाच वर्षांची, किटाला जायची, म्हणजे इथल्या बालवाडीला. सासूबाईंना जाऊन दोन वर्षं झाली होती आणि आबा गावी एकटे पडले होते, म्हणून त्यांना तीन महिन्यांसाठी बोलावून घेतलं. ते सप्टेंबरच्या शेवटी आले.

आबा सातारा जिल्ह्यातल्या एका गावी पोस्टमास्तर होते. नियम म्हटला की त्यांना बरं वाटायचं. आणि जर्मनीत नियमांना काय तोटा? रविवारी काचेच्या बाटल्या टाकायच्या नाहीत. दुपारी एक ते तीन भिंतीत खिळा ठोकायचा नाही. रस्ता रिकामा असला तरी लाल दिव्याला हलायचं नाही — एकदा आबा हलले तेव्हा एका आजीबाईंनी त्यांना चांगलंच झापलं, लहान मुलं बघतात म्हणून. मी जे जे सांगेन ते आबा खिशातल्या डायरीत लिहून घ्यायचे. त्यांना जर्मन येत नव्हतं, इंग्रजी तारेपुरतं. या देशात काय चालतं आणि काय नाही, हे कळायचा त्यांचा एकच मार्ग होता. मी.

आमच्या फर्ममध्ये ग्रॅहम नावाचा एक इंग्रज होता. साधा, बोलका, पोट सुटलेला. नोव्हेंबर लागला की त्याच्या कोटावर कागदाचं एक लाल फूल दिसायचं. खसखशीचं. युद्धात गेलेल्यांच्या आठवणीसाठी त्यांच्याकडे सगळेच लावतात, म्हणे. बातम्या देणाऱ्या बाईनं लावलं नाही तर लोक पत्रं पाठवतात. इथे मात्र तो एकटाच. कॅन्टीनमध्ये एकदा ड्रॉइंग सेक्शनमधला एक तरुण पोरगा त्या फुलाकडे बघून म्हणाला, "मुस दास जाईन?" — हे असायलाच हवं का? आवाज चढवून नाही, सूप पिता पिता. ग्रॅहम हसला. आमचे साहेब, हेर लिंडेमान — हेर म्हणजे इथलं श्रीयुत — समोरच बसले होते. ते काहीच बोलले नाहीत. मी ते न बोलणं लक्षात ठेवलं. माझा करार मुदतीचा होता, डिसेंबरअखेर संपणार होता, आणि त्या दिवसांत मी साहेबांचं खोकणंसुद्धा लक्षात ठेवत होते.

आता आबांच्या वडिलांबद्दल सांगायला हवं.

ते मराठा पलटणीत होते. आबा तीन वर्षांचे असताना ते दुसऱ्या महायुद्धात लढायला गेले आणि पुढच्या वर्षी इटलीत मारले गेले. घरी एक कागद आला, एक पदक आलं. फोटो नाही. कधी गेले याची नेमकी तिथी कळली नाही, म्हणून श्राद्ध सर्वपित्रीला, सगळ्यांच्या बरोबर. गावात चावडीपाशी शूर शिपायांचा दगड आहे, पण तो आधीच्या महायुद्धाचा, त्यात यांचं नाव नाही. आणि स्वातंत्र्यानंतर शाळेत एका गुरुजींनी सगळ्या वर्गासमोर विचारलं होतं — तुझा बाप गोऱ्यांसाठी मेला, होय रे? आबांनी मला हे अगदी सहज सांगितलं होतं, मटार सोलता सोलता. सहासष्ट वर्षांच्या माणसाला गुरुजींचं वाक्य शब्दन् शब्द पाठ होतं.

ऑक्टोबर संपता संपता ग्रॅहम आमच्याकडे जेवायला आला. बोलता बोलता मी इटलीचं सांगितलं. माझं काय जातंय, एक किस्सा म्हणून सांगितलं. ग्रॅहमनं घास खाली ठेवला. त्यानं आबांना त्यांच्या वडिलांचं नाव विचारलं, दोनदा म्हणून बघितलं, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुद्दाम येऊन एक लाल फूल स्वतःच्या हातानं आबांच्या कोटाला टाचलं. शिवाय बारा तारखेच्या रविवारचं आमंत्रण दिलं. ओल्सडोर्फची दफनभूमी एवढी मोठी आहे की आत बस फिरते. तिथे ब्रिटिश सैनिकांचा एक भाग आहे, आणि त्या रविवारी त्यांच्या आठवणीसाठी तिथे सगळे जमतात. आबांनी यावं, पुढे उभं राहावं, नाव मोठ्यानं घ्यावं. मी भाषांतर करत होते. आबा कोटाची बटणं लावत राहिले, घरातल्या घरात.

फोनवर समीर चिडला. इंग्रजांची निशाणी कशाला मिरवायची, म्हणाला. त्याचंही खोटं नव्हतं. पण तो रागावला तरी त्यानं वडिलांना काही सांगितलं नाही. सांगितलं मी. आणि माझं कारण ते नव्हतंच. इतिहासाची एवढी चाड मला कधी होती?

शुक्रवारी रेवाच्या किटाची कंदिलांची मिरवणूक होती. नोव्हेंबरात इथली मुलं कागदी कंदील घेऊन गाणी म्हणत फिरतात, मागून आईबाप, आजीआजोबा. हेर लिंडेमान यांची नात रेवाच्याच गटात होती. म्हणजे ते येणार. मी दारात रेवाचे बूट चढवत होते आणि आबा आतून आले — समीरचा जुना काळा कोट, वर मफलर, आणि छातीवर ते लाल फूल. दाढी दुसऱ्यांदा केलेली. मला कॅन्टीनमधलं ते सूप आठवलं. साहेबांचं गप्प बसणं आठवलं. त्याच उन्हाळ्यात फुटबॉलचा वर्ल्ड कप झाला होता आणि इथल्या लोकांना स्वतःचा झेंडा गाडीला लावतानाही चोरट्यासारखं होत होतं. आणि आता माझा सासरा, शत्रूच्या बाजूचं फूल लावून, साहेबांच्या नातीच्या मागून चालणार?

खरं सांगता आलं असतं की. "आबा, मला भीती वाटते, माझ्या नोकरीचं बघून आज राहू द्या" — एवढंच म्हटलं असतं तर त्या माणसानं हसत काढून ठेवलं असतं. पण सुनेनं सासऱ्यापाशी भीती कबूल करायची? मला मोठं राहायचं होतं. मी म्हणाले,

"आबा, ते फूल काढावं लागेल. इथे लावायला बंदी आहे."

"बंदी? सरकारी?"

"हो. दंड होतो. परदेशी माणसाचा व्हिसाही तपासतात."

किती सराईतपणे आलं बघा ते — दंड, व्हिसा. आबांनी लगेच फूल काढलं. टाचणी टोचू नये म्हणून रुमालात गुंडाळलं. मग डायरी काढून उभ्या उभ्या लिहिलं: खसखशीचे फूल लावू नये. आणि मलाच म्हणाले, "बरं झालं सांगितलंस. तुला उगाच त्रास झाला असता." मिरवणुकीत हेर लिंडेमान यांनी त्यांच्याशी हात मिळवला, रेवाच्या कंदिलाचं कौतुक केलं आणि ते पुढे गेले. त्यांनी आबांच्या कोटाकडे पाहिलंसुद्धा नाही.

तेवढ्यावर राहिलं असतं तरी चाललं असतं, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत आले. पण खोटं तेवढ्यावर राहतं का?

शनिवारी आबा म्हणाले, उद्या मी जात नाही. बंदी असेल तिथे जाऊन उभं राहणं बरं नाही, ग्रॅहमसाहेब इंग्रज आहे, त्याला चालत असेल, आपण पाहुणे. मी काय करायला हवं होतं ते तुम्हाला कळतंय. मी ग्रॅहमला फोन करून सांगितलं की आबांना ताप आहे. तो बिचारा म्हणाला, मी त्यांच्या वतीनं नाव घेतो. रविवारी अकरा वाजता आबा आंघोळ करून, दक्षिणेकडे तोंड करून, स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी उभे राहिले होते. दोन मिनिटं असतील. मी चहा गाळत होते. मी पाठ फिरवली.

खालच्या मजल्यावर फ्राऊ पेटरसन राहायच्या. ऐंशीच्या घरातल्या, एकट्या. मंगळवारी आबा आणि मी खरेदी करून येत होतो, त्या जिन्यात भेटल्या. त्यांनी मला जर्मनमध्ये विचारलं, तुमच्या सासऱ्यांच्या कोटावर मध्यंतरी एक लाल फूल बघितलं होतं, ते आता का नाही? मी म्हणाले, हरवलं. त्या म्हणाल्या, अरेरे. येत्या रविवारी आमचा मृतांच्या आठवणीचा दिवस आहे, चर्चशेजारच्या दगडापाशी आम्ही चारपाच म्हातारी माणसं जमतो. माझा भाऊ रशियात राहिला, अठरा वर्षांचा होता. तुमच्या सासऱ्यांनाही कुणाची तरी आठवण काढायची असेल असं वाटलं. येतील का ते माझ्याबरोबर? फूल लावूनच येऊ द्या.

आबा शेजारी उभे. त्यांना एक अक्षर कळत नव्हतं. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलेलं तेवढं त्यांना दिसलं. त्यांनी मला विचारलं, "काय म्हणतात बाई?"

काय सांगणार होते मी? त्यांच्यासमोर एक जर्मन म्हातारी उभी राहून म्हणत होती की फूल लावून या. तेवढं एक वाक्य मराठीत केलं असतं तर सगळं मिटलं असतं — आणि मी उघडी पडले असते. मी म्हणाले, जिना पुसायची पाळी या आठवड्यात आपली आहे, आपण विसरलो, म्हणून बाईंना वाईट वाटलं. आणि बाईंना जर्मनमध्ये सांगितलं, त्यांना थंडी सोसत नाही, नाही जमायचं.

मी पिशव्या रिकाम्या करेपर्यंत आबा बादली आणि फडकं घेऊन खाली गेले होते. तीन मजले जिना त्यांनी वाकून पुसला. फ्राऊ पेटरसन दार उघडून नको नको म्हणत होत्या, आणि आबा हात जोडून त्यांची माफी मागत होते. मी वर, कठड्यापाशी, ऐकत उभी होते.

डिसेंबरात माझा करार कायमचा झाला. त्याच आठवड्यात आबा गावी परतले. तिथे ते सगळ्यांना सांगायचे की जर्मनीत सोय उत्तम, पण माणसं बिचारी. स्वतःच्या मेलेल्या माणसासाठी साधं फूल लावायचीही मुभा नाही त्यांना. सप्ताहात बोलायला उभं केलं तेव्हाही हेच बोलले. समीरला गावच्या कुणीतरी सांगितलं, तो हसून मला म्हणाला, आबांनी हे कुठून काढलं कोण जाणे. मीही हसले.

वाटलं होतं, कबुली एवढीच आहे. पण नाही. भीतीपोटी माणूस एकदा खोटं बोलतं, ते मी एक वेळ कुणापुढे मांडूही शकले असते. जे मांडता येत नाही ते पुढचं आहे. दर नोव्हेंबरात आबांचा फोन यायचा. रेवाशी बोलून झालं — ती जर्मनमध्ये उत्तरं द्यायची, हे मराठीत विचारायचे, दोघांचं बरं चाललेलं असायचं — की शेवटी मला विचारायचे, "ती बंदी उठली का गं?" दोन हजार सातमध्ये विचारलं. आठमध्ये विचारलं. उठली म्हटलं असतं तरी काय बिघडणार होतं? एक खोटं अजून, पण निदान त्यांच्या बाजूचं. त्यांनी गावी, स्वतःच्या अंगणात, त्या फुलासह उभं राहून नाव घेतलं असतं. ते फूल त्यांनी परत नेलं होतं, पण ते तिथेही लावत नव्हते, सुनेला कुठून त्रास व्हायला नको म्हणून. मला हे माहीत होतं. पण उठली म्हटलं तर ते समीरला विचारतील, ग्रॅहमला पत्र लिहायला सांगतील, कुठूनतरी धागा निघेल. म्हणून दोन्ही वर्षी मी म्हणाले, नाही आबा, अजून आहे.

नऊ सालच्या नोव्हेंबरात त्यांचा आवाज पार खोल गेला होता. तोवर हेर लिंडेमान निवृत्त झाले होते, फ्राऊ पेटरसन गेल्या होत्या, ग्रॅहम इंग्लंडला परतला होता. मला घाबरवायला कुणीही उरलं नव्हतं. आबांनी विचारलं, बंदी आहे का अजून. मी म्हणाले, आहे.

आबा म्हणाले, "मनातल्या मनात नाव घ्यायला तर मनाई नसंल ना गं?"

"नाही आबा."

"मग झालं," ते म्हणाले, आणि रेवाचा खोकला गेला का ते विचारलं. जानेवारीत ते गेले. बंदी आहे असं समजूनच गेले.