एका माणसापुरता मॉनिटर

मॉनिटरवरून घरात जे भांडण झालं त्यात मी हरले. माझीच बाजू बरोबर होती असं मला आजही वाटतं. पण बरोबर असून आईचा आवाज परत येणार नव्हता, त्यामुळे त्या बरोबर असण्याचं काय करायचं ते मला कळत नाही.

आमचं घर पत्रकांवर चाललं. बाबा होते तेव्हाही आणि ते गेल्यावरही. कन्हानकडच्या खाणीतले ठेक्यावरचे कामगार, शहरातल्या झाडूवाल्या बाया, अंगणवाडीताई. ज्यांना मागणी करायची आहे पण ती नीट लिहून द्यायला माणूस नाही, ते सगळे आमच्या दारात येतात. मी मजकूर सरळ करते, जुळवते, छापखान्यात पाठवते. अक्षरं मी अंकलिपीतून शिकले नाही, ‘कामगार बंधू-भगिनींनो’मधून शिकले.

आणि आई वाचते. म्हणजे वाचायची. छापण्याआधी पान ताडून पाहायची आमची पद्धत अशी की एकानं हाताने लिहिलेला कागद मोठ्यानं वाचायचा आणि दुसऱ्यानं स्क्रीनवर बोट फिरवत जायचं. आई नुसते शब्द वाचत नसे. ‘आम्ही स्वल्पविराम खाली सही करणारे स्वल्पविराम’ असं, सगळ्या खुणांसकट, एका सुरात वाचायची. घोळ होण्यासारखा शब्द आला की मध्येच ‘दुसरी वेलांटी’, ‘टिंब नाही’. बाबांसाठी तिनं असंच वाचलं, नंतर माझ्यासाठी. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच आया असं बोलतात.

गेल्या उन्हाळ्यात तिचा आवाज बसला तो उठलाच नाही. डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं आणि स्वरतंतूंवर गाठी आहेत म्हणाले. बोलणं कमी करा, मोठ्यानं वाचणं तर बंदच, नाहीतर आहे तेवढाही जाईल.

माझा धाकटा भाऊ एका कंपनीचं काम घरूनच करतो. तो कधीपासून त्या लांबलचक, आत वळलेल्या मॉनिटरच्या मागे होता. दिवसा ऑफिसच्या सगळ्या खिडक्या एका ओळीत आणि संध्याकाळी मोटारींची शर्यत. आईचं कळल्यावर त्याला मुद्दा सापडला.

“ताई, डाव्या बाजूले कागदाचा फोटो, उजव्या बाजूले तुझं पान. दोन्ही संगच दिसते. कोणाले बोंबलाची गरजच नाही.”

“म्हणजे दोघांचं काम एकीवर. याच्याविरुद्ध आपण किती पत्रकं काढली, माहीत आहे?”

“तू तर कुलर आणला तरी म्हणशील, पंख्याचं शोषण झालं.”

आई हसली. हसण्याचा आवाजच आला नाही, फक्त खांदे हलले. ते पाहून तो गंभीर झाला. “बरं, मग तूच सांग. तिनं वाचत राहायचं का?”

“आणि काम गेलं तर तिच्याकडे काय उरणार?” मी विचारलं. पण माझा मुद्दा खोडता येत होता आणि त्याचा येत नव्हता.

त्यानं टेबलावर वर्तमानपत्रं उघडून पसरली, किती लांबीचा मावेल ते पाहिलं, आणि आम्ही तिघं सीताबर्डीच्या बाजारात गेलो. दुकानात एक मॉनिटर भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत असावा तसा ठेवला होता.

“एवढा लांब कायले वं?” आई माझ्या कानाशी येऊन म्हणाली. “याच्यावर तर पंगत बसन.”

“काकू, बीच में बसा,” दुकानदार म्हणाला. “कर्व्हचा मजा बीच मेंच आहे.”

भाऊ मधोमध बसला आणि त्यानं मोटार पळवली. मग मी बसले. सगळ्यात लांब होता त्यावर अक्षरांच्या कडा खरबरीत दिसत होत्या, रफार तर वरच्या ओळीत घुसल्यासारखा. त्याहून थोडा आखूड होता त्यावर अक्षर स्वच्छ होतं. न वाकता टिंब दिसलं पाहिजे, असं मी दुकानदाराला सांगितलं.

“लोकं गेमसाठी हर्ट्झ विचारतात मॅडम. तुम्ही टिंब विचारून राहिल्या.”

शेवटी आई बसली. पेन ड्राइव्हवरून मी एक जुनं पत्रक उघडून दिलं, डावीकडे कागद, उजवीकडे पान. सवयीनं तिनं सुरू केलं, “कामगार बंधू-भगिनींनो उद्गारचिन्ह...” आवाज घोगरा, मध्येच फाटलेला. बाजूचं गिऱ्हाईक वळून बघायला लागलं.

“काकू, याच्यात बोलून काही होत नाही,” दुकानदार म्हणाला. “माउसच लागते.”

भाऊ हसला. मीही हसले. आईनं तोंड मिटलं आणि पुढे फक्त तिचे डोळे डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे जात राहिले. खूप वेळ. मग तिनं उजव्या पानावर एका जागी बोट ठेवलं. तिथला एक शब्द सुटला होता, तसाच छापूनही गेला होता.

“हाच घ्या,” ती म्हणाली.

घरी मॉनिटर लागला आणि नेहमीप्रमाणे आम्ही दोन स्टुलं टेबलाला लावली. तेव्हा कळलं. आईच्या जागेवरून जवळची कड पाठ फिरवल्यासारखी आणि दूरची चकाकणारी. माझ्या जागेवरूनही तेच, फक्त कडा उलट. दुकानात आम्ही पाळीपाळीनं एकेकटे बसलो होतो. दोघींनी मिळून बसून पाहावं हे एकीच्याही डोक्यात आलं नाही, आणि जन्मभर एकही पान आम्ही एकट्यानं तपासलेलं नव्हतं. मी माझं स्टूल काढून घेतलं.

“मध्ये बस,” मी म्हटलं. “आता तू एकटीच पाहा.”

ती पाहायला लागली. दुपारी मी पोळ्या करायची आणि पुढच्या खोलीतून काहीच ऐकू यायचं नाही. भाऊ खूश होता. आईचं काम टिकलं, गळाही टिकला, आणि माझं भाषणही थांबलं.

मग झाडूवाल्या बायांचं पत्रक आलं. कागदावर मथळा मोठ्या अक्षरात होता: किमान मजुरी मिळालीच पाहिजे. छापून झालं, वाटून झालं. दुसऱ्या दिवशी त्यांच्यातली म्होरकी बाई दारात आली आणि पदरानं तोंड पुसत पायरीवरच बसली.

“पोरी, काय लिवलं वं तू? सुपरवायझरनं कागद घेतला अन् सगळ्याईसमोर वाचला. किमान मंजुरी पाहिजे ना? घ्या, दिली मंजुरी. उचला आता झाडू. एवढ्या उन्हात उभ्या राहिलो आम्ही, अन् तो मंजुरी देऊन गेला!” ती हसत होती, पण माझ्याकडे बघत नव्हती.

जास्तीचं टिंब माझ्या हातून पडलं होतं. आईला मी तेच सांगितलं, पुन्हा पुन्हा सांगितलं. तिनं मॉनिटर सुरू करायला लावला. डावीकडे मजुरी, उजवीकडे मंजुरी, वीतभर अक्षरं.

“दोनदा पाहिलं होतं मी,” ती म्हणाली. मग दोन्ही शब्दांवर बोट टेकवून, “मी कधी वाचतच नव्हती वं. माहाच आवाज ऐकत होती.”

त्यानंतर तिनं कागद हातात घेतला नाही. मी म्हटलं, मी कागद वाचते, तू पान बघत ऐक. तिनं मान डोलावली. चार ओळी झाल्यावर तिनं हात वर केला. “तू वाचून नाही राहिली. भाषण देऊन राहिली.” खरं होतं. ‘अन्याय’ आला की माझा आवाज चढायचा आणि पुढचा स्वल्पविराम गिळला जायचा. मी आवाज खाली आणला. मला ते जमत नाही, माझ्या स्वभावातच नाही, तरी आणला.

खाणीतल्या कामगारांचं पुढचं पत्रक मी असं वाचलं. ती मधोमध बसली होती, मी तिच्या मागे उभी. आम्ही स्वल्पविराम खाली सही करणारे स्वल्पविराम. सगळ्या वेलांट्या, सगळी टिंबं. पूर्ण पानभर तिनं मला एकदाही थांबवलं नाही. पान निर्दोष होतं की तिनं ऐकणंच सोडलं होतं, ते मला कळलं नाही. विचारलं असतं तर तिला बोलावं लागलं असतं. मी पान छापायला पाठवलं.