मुंडी कुठे संपते

मीरा रोडच्या आया शिकवणीच्या बाईंची पदवी नंतर विचारतात, आधी शाळा विचारतात. क्षितिजाने बी.ए.ला इंग्रजी घेतलं होतं, पण शाळा मराठी. त्यात गाव राई, आणि आई, इंदुबाई, मीरा रोडच्याच बाजारात मासे विकायची. हे शेवटचं तिने शिकवणीच्या सोसायटीत कुणालाच सांगितलं नव्हतं. लाज वाटायची, दुसरं काय!

तर त्या महिन्याच्या चाचणीत तिच्या पाचही मुलांनी एकाच प्रश्नात माती खाल्ली. वाक्य ज्याच्याबद्दल आहे तो सब्जेक्ट, त्याच्याबद्दल जे सांगितलं ते प्रेडिकेट, दोन्हींच्या मधे रेघ मारायची, हे मुलं घडाघडा म्हणायची. पण वाक्यात पहिलं नाव दिसलं रे दिसलं, की तिथेच रेघ मारून मोकळी.

अथर्वची आई मिनल दारातच म्हणाली, "टीचर, बुधवारी रीटेस्ट आहे. या वेळी पण गेलं ना, तर आम्ही सगळे दुसऱ्या क्लासला शिफ्ट करतोय. राग मानू नका, पण तुम्ही मराठी मीडियमच्या ना!"

क्षितिजा तडक बाजारात आईकडे गेली. नेहमीसारखा मदतीला कोयता घेतला, पण लक्ष कुठे होतं? रावसाची मुंडी कापायला तिने तो डोळ्याशीच टेकवला.

"डोला दिसला का कापायचं न्हाय गो!" इंदुबाई कडाडली. "कल्ला मुंडीचाच हाय. तो संपू दे, मग कोयता मार. किती येला सांगू?"

शंभरदा ऐकलेलं हे बोलणं. आज मात्र कोयता कल्ल्यामागे नेताना क्षितिजाला मुलांची रेघ आठवली.

दुसऱ्या दिवशी ती मुलांना म्हणाली, "नाव दिसलं की कापायचं नाही. त्याला काय काय चिकटलंय ते बघा. ते सगळं त्याचंच. ते संपलं की रेघ."

"टीचर, हे कुठल्या बुकात आहे?" सार्थकने विचारलं.

"आहे एका," ती म्हणाली आणि दिवसभर स्वतःवरच चिडत राहिली. आईचं शहाणपण चालतं, आईचं नाव चालत नाही?

रीटेस्टमध्ये त्या प्रश्नाला पाचही जणांना पैकीच्या पैकी मिळाले. मिनल पेढे घेऊन आली. "टीचर, कमाल केली! कुठली मेथड वापरता?"

क्षितिजाने खडू उचलला आणि फळ्यावर इंग्रजीत लिहिलं, 'माय मदर फ्रॉम राई व्हिलेज सेल्स फिश इन मीरा रोड मार्केट.' मग म्हणाली, "अथर्व, रेघ मार."

अथर्वचं बोट 'मदर'वरून पुढे सरकलं, राई गावही मागे टाकलं आणि 'सेल्स'च्या अलीकडे त्याने झोकात रेघ ओढली.

मिनलने वाक्य दोनदा वाचलं. "म्हणजे... इंदुबाई? आमच्या मासेवाल्या?"

इतकी वर्षं आपण कसली लाज धरून बसलो होतो, तेच क्षितिजाला कळेना.

"हो," ती म्हणाली. "मेथड तिची. आणि मीही तिचीच."