वरच्या नळीपर्यंतचं पाणी

त्या बाईंचं नाव मला माहीत नाही. का माहीत नाही ते पुढं येईलच, पण गाडीबद्दल लिहायचं तर आधी त्यांना हात जोडायला हवेत. येडशीच्या रस्त्यावर दुष्काळी कामावर त्या खडी फोडत होत्या. पायात टायरच्या चपला, बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठ्या असतील. त्यांच्यामुळं ती गाडी वाचली.

बहात्तरच्या दुष्काळात मी हौसेनं एक जुनी मोटार दुरुस्त करत होतो, हे अजूनही मी लोकांना दबकतच सांगतो.

मी तळकोकणातला. सातवीतच शाळा सुटली. ट्रकवर क्लीनर, मग ड्रायव्हर, असं करत एका सहकारी संघाच्या जीपवर धाराशिवला येऊन चिकटलो. ओळखीचं कुणी नव्हतं. त्या वर्षी संघाचं काम म्हणजे गावोगाव लाल मिलो, म्हणजे अमेरिकेतून आलेली ज्वारी, पोचवणं. दिवसभर जीप चालवताना बरं असायचं. संध्याकाळी गोदामामागच्या खोलीत बसलो, की आईला बरं असेल का, नोकरी टिकेल का, उद्या टँकर येईल का, हेच डोक्यात फिरायचं. आमच्याकडं कोकणात पाणी एवढं, की त्याला कुणी विचारत नाही. इथं माणसाला दिवसाला दोन बादल्या.

गोदामाची जागा एका म्हाताऱ्या वकीलसाहेबांची होती. कोपऱ्यात पत्र्याखाली त्यांची विलायती मोटार पडून होती, निजामाच्या अमलातली. हैदराबादहून साहेब येडशी स्टेशनवर उतरायचे आणि ही गाडी त्यांना आणायला जायची. आता गादीत उंदरांनी घरं केली होती आणि चाकं जमिनीत रुतली होती. मी भीत भीतच विचारलं, "साहेब, सुट्टीच्या दिवशी हात लावू का?"

"लावा की. मेलेल्याला औषध देऊन काय नुकसान होणार?" ते म्हणाले.

आठ-नऊ महिने माझे सगळे रविवार तिच्यात गेले. कार्बोरेटर रॉकेलमध्ये बुडवून काढला. व्हॉल्व्ह हातानं घासले, दंड भरून येईपर्यंत. रेडिएटरला बारीक गळती होती, ती ट्रकवर शिकलो होतो तशी हळदीची पूड टाकून बंद केली. गाडीचं एक इंग्रजी पुस्तक होतं. त्यातली चित्रं बघून मी काम करायचो. अक्षरं मला लागत नव्हती, आणि साहेबांना वाचून दाखवा म्हणायची लाज वाटायची. रेडिएटरच्या चित्राखाली एक ओळ कुणीतरी लाल शाईनं अधोरेखित केली होती. ती मी कित्येकदा बघितली, पण कुणाला विचारली नाही.

शेवटी एका रविवारी सकाळी हँडल मारलं आणि गाडी फुरफुरत चालू झाली. साहेब बाहेर आले. खूश झाले असतील असं मला वाटलं, पण म्हणाले, "सोमवारी सोलापूरचा भंगारवाला येतोय. मुलांनी परस्पर ठरवलंय. मी त्यांना म्हटलं, आज येडशी स्टेशनाला जाऊन दिवस मावळायच्या आत आपल्या पायांनी परत आली तर ठेवू. ओढून आणावी लागली तर तोडू."

म्हणजे सगळे रविवार एका फेरीवर आले होते.

रेडिएटरला बादलीभर पाणी लागायचं. मी बादली उचलली, तर शेजारच्या काकू भांडी राखेनं घासता घासता म्हणाल्या, "डायवर, लेकरांची आंघोळ न्हाय आठ दिस, आन् तुमची नवरी न्हायला निघाली व्हय?" आजूबाजूच्या सगळ्या बायका हसल्या. मीही हसल्यासारखं केलं. पण अर्धीच बादली ओतली आणि अर्धी खोलीत नेऊन झाकून ठेवली. एवढ्याशा अंतराला अर्धं पाणी पुरेल, अशी मनाची समजूत घातली. जीपला पुरलं असतं.

जाताना गाडी गुणी पोरीसारखी गेली. येडशीला पाणी मागावं असं मनात होतं. पण स्टेशनवर बायका घागरी घेऊन रेल्वेच्या इंजिनाभोवती उभ्या होत्या, इंजिनातलं गरम पाणी मिळावं म्हणून. त्यांच्या रांगेत मोटारीसाठी उभं राहायचं? मी उतरलोसुद्धा नाही. गाडी वळवली.

परतीच्या चढावर बॉनेटमधून वाफेचा लोट आला. इंजिन ठोकायला लागलं. मी रस्त्याकडेला थांबलो आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. बाराचा सुमार होता. समोरच दुष्काळी काम चाललं होतं. बायकांची जेवणाची सुट्टी झाली होती, त्या गाडीभोवती जमल्या.

"ह्यो वकिलाचा डबा हाय की गं!"

"रुसला जणू."

त्यातल्या एकीनं, त्याच बाईंनी, विचारलं, "काय झालं, दादा? रडायलाव का काय?"

मी रडत नव्हतो, पण आवाज तसाच निघाला असणार. मी सगळं सांगून टाकलं. दिवस मावळायच्या आत पोचली नाही तर उद्या तोडणार, हेही.

"एवढी धडधाकट गाडी तोडणार?" त्या म्हणाल्या. रस्त्याकडेच्या कडुलिंबाखाली गेल्या आणि आपली घागर काखेत घेऊन आल्या.

मुकादम लांबून ओरडला, "ओ पाहुणं, त्यांच्या घागरीतलं चालंल का तुमाला? त्या बौद्धवाड्यातल्या हायेत."

बाईंनी मागं वळूनही बघितलं नाही. "म्या इंजनाला द्यायले. इंजनाला इच्यारा की त्याला चालतंय का."

बायका खो खो हसल्या. मला तोंड उघडून चालतं म्हणायला हवं होतं. त्याऐवजी मी घाईनं फडकं घेतलं आणि रेडिएटरचं झाकण उघडायला गेलो.

"आवं, थांबा!" त्यांनी माझं मनगटच धरलं. "तापल्या तव्यावर गार पाणी वततात व्हय? उलंल की! घरात कवा भाकऱ्या केल्यात का न्हाय?"

ट्रकवर मला हेच शिकवलं होतं. तापलेल्या इंजिनात गार पाणी पडलं तर बीड, म्हणजे इंजिनाचं ओतीव लोखंड, तडकतं, मग कुणाच्या बापाला दुरुस्त होत नाही. भीतीनं मी ते साफ विसरलो होतो. भंगारवाल्याच्या आधी मीच ती गाडी मारली असती.

आम्ही लिंबाखाली बसून राहिलो. त्यांनी भाकरी सोडली, अर्धी माझ्यापुढं केली. या वेळी तरी मी हात पुढं केला. त्या एकेक घास लई वेळ चघळत होत्या. घागर शेजारी होती, पण तिला हात लावत नव्हत्या. ते का, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. आलं नाही. मी सूर्याकडं बघत होतो.

गाडी निवल्यावर मी इंजिन चालू ठेवलं आणि त्यांनीच तांब्यातांब्यानं पाणी सोडलं. तळाशी थोडं उरलं. "हे तरी तुम्ही प्या," मी म्हटलं.

"वता. तिला लांब जायचंय. आमचा टँकर येतो सांजंला, समद्यात शेवटी येतो पण येतो." मग हसून म्हणाल्या, "फुकट न्हाय बरं का. घागरभर पाणी परत आणून द्यायचं. त्याच मोटारीतनं."

"उद्याच आणतो," मी म्हटलं.

नाव विचारावं असं फार वाटलं. पण मुकादमाच्या त्या बोलण्यानंतर नाव विचारणं म्हणजे आडनाव विचारण्यासारखंच झालं असतं. म्हणून विचारलं नाही.

दिवस कलायच्या आत गाडी दारात लागली. साहेबांनी बॉनेटवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. गाडी राहिली. त्या दिवशी मी लाज सोडून पुस्तक पुढं केलं आणि लाल शाईची ओळ दाखवली. साहेबांनी वाचून सांगितली. या गाडीला जीपसारखा पाणी फिरवायला पंप नाही. गरम पाणी आपोआप वर चढतं, गार खाली येतं. पाणी वरच्या नळीपर्यंत नसेल तर ते फिरतच नाही, म्हणून कधीही कमी भरू नये.

खोलीत आलो. अर्धी बादली झाकलेली तशीच होती. ती वाचवायला गेलो आणि त्या बाईंचं अख्ख्या घागरीचं पाणी घेऊन आलो.

दुसऱ्या दिवशी जाता आलं नाही. संघानं जीप परंड्याकडं मिलो घेऊन पाठवली, त्यात तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी साहेबांची परवानगी काढून, माझं दोन दिवसांचं पाणी कॅनमध्ये भरून, त्याच मोटारीतून गेलो. लिंबाखाली कुणी नव्हतं. फोडलेल्या खडीचे ढीग तेवढे होते. राखणदार म्हणाला, टोळी बेंबळीकडं हलवली. आणि विचारलं नसताना सांगून गेला, "रईवारपासनं दोन दिस टँकरच न्हवता त्यांच्याकडं. लई हाल झाले."

बेंबळीच्या कामावर गेलो. तिथला मुकादम म्हणाला, "नाव काय बाईचं?"

"माहीत नाही. खडी फोडतात."

"आवं, हितं समदा गावच खडी फोडतोय."

मी ओळीनं तोंडं बघत गेलो. बायका पदर ओढून घेत होत्या, तेव्हा थांबलो. कॅन तिथल्याच रांजणात रिकामे केले. कुणीतरी प्यायलं असेल. पण ज्यांचं होतं त्यांना ते मिळालं नाही.

पुढं साहेब गेले. मुलांनी गाडी माझ्याकडंच ठेवली, मी अजून तिची देखभाल करतो. कोकणात घरी परत जायचं दरवर्षी ठरवतो आणि राहतो. येडशी रस्त्याला लागलो की त्या लिंबाशी थांबतो. रविवारपासनं दोन दिवस त्यांनी काय प्यायलं असेल, हे मनातून जात नाही.

बाई, तुम्ही जिथं असाल तिथं बऱ्या असा. गाडी चालू आहे आणि पाणी वरच्या नळीपर्यंत आहे. तुमचं घागरभर पाणी मी देणं लागतो. ते त्याच मोटारीतून, तुमच्या दारात आणून देईन. आणि त्या वेळी नाव विचारीन.