काटा पन्नासावर

इंजिनिअरिंग कॉलेजच्या वीज विभागातल्या बाईंचा हट्ट एकच: नियंत्रण शिकायचं, तर आधी यंत्राशी झटापट करायची, समीकरणं मग आपोआप गोड लागतात. म्हणून तिसऱ्या वर्षाच्या पोरांकडून त्यांनी प्रयोगशाळेत छोटं वीजघरच उभं करून घेतलं. एक मोटर, तिच्यावर फिरणारं जनित्र, भिंतीवर ओळीने दिवे आणि तीन हीटर. भार वाढला की जनित्र मंदावतं. ते ओळखून मोटरला नेमका जोर द्यायचा आणि विजेची वारंवारता दाखवणारा काटा पन्नास हर्ट्झवर ठेवायचा, हे पोरांनी बनवलेल्या नियंत्रकाचं काम.

घरी नवरा चिडवायचा, "अगं, आपला मिक्सर लावला की दिवा डोळे मिचकावतो, त्याचं बघ आधी!"

विभागप्रमुखांना मात्र ही सगळी थेरं वाटत. "सोमवारी बटणं मी दाबणार, बाई. दिवे विझले, तर पुढच्या वर्षीपासून खडू आणि फळा. कबूल?"

"कबूल."

सोमवारी त्यांनी पहिलाच हीटर लावला आणि काटा खाली गेला, उसळून वर आला, पुन्हा त्याहून खाली. दिवे लहानमोठे होऊ लागले, जनित्र धापा टाकू लागलं आणि खटकन सगळं बंद!

"झालं?" प्रमुख म्हणाले.

"दहा मिनिटं द्या." बाई हात पाठीमागे बांधून उभ्या राहिल्या. पोरांच्या यंत्राला बोट लावायचं नाही, हा त्यांचा नेम. जीभ मात्र मोकळी होती. "शनिवारपर्यंत चालत होतं. कोणी काय बदललं?"

गटातला बडबड्या कानापर्यंत लाल झाला. "सर येणार म्हणून... काटा झटकन परतावा, म्हणून नियंत्रकातला जोराचा आकडा दुप्पट केला."

"तपासलं कशावर?"

"एका दिव्यावर."

"उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!" गटातल्या चष्मेवालीने वही त्याच्यापुढे आपटली. "हा आलेख बघ. एवढ्या जोरावर हीटर लागला की हेलकावे वाढतच जाणार. जुना आकडा घाल."

"काटा सावकाश येईल गं."

"येऊ दे की! पोचेल तरी."

बडबड्याने जुना आकडा घातला आणि जनित्र पुन्हा सुरू केलं.

या वेळी प्रमुखांनी तिन्ही हीटर एकदम लावले. काटा साडेएकोणपन्नासाखाली घसरला, घुटमळला, मग चढत चढत पन्नासावर येऊन बसला. हलेना! त्यांनी तिन्ही एकदम बंद केले, पुन्हा लावले. पाच वेळा छळलं, पण दिवे काही विझले नाहीत. शेवटी प्रमुखच गालात हसले.

"पुढच्या वर्षी असे किती संच लागतील?"

बाई "चार" म्हणणार, तोच बडबड्या ओरडला, "सहा सांगा, बाई!"

"सहा," बाई ठणकावून म्हणाल्या, आणि पोरांनी बाकं बडवून प्रयोगशाळा डोक्यावर घेतली.